अंगणवाडीतल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या हॉलमध्ये तुम्ही मागे भिंतीला टेकून बसला होतात. पुढे माइकवरून वॉर्डात वर्षभरात काय काय झालं ते वाचून दाखवत होते. आरोग्य शिबिर, पोरांनी पावसाळ्यात लावलेली झाडं, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, म्हणजे मोबाइलवरून आधारची पडताळणी. सगळं खरं होतं. शेवटी ‘आणि अंगणवाडी सेविका’ एवढं म्हणून झालं, टाळ्या वाजल्या आणि लगेच वाण वाटायला सुरुवात झाली. मला उठून दोन शब्द बोलायचे होते, पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून हे पत्र. ते तुमच्या हातात नुसतं बंद पाकिटातून देणार नाही, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही काय केलंत ते आपल्या लोकमान्य नगरात आणि बाहेरही कळायला हवं.

तुम्हाला माझं घर माहीत आहे, वाचणाऱ्यांना नाही. मी वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामाला जाते. माझे मिस्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये हार्ट अटॅकने गेले. वडील त्याच्याही आधी गेलेले. घरात दोन मुलं, सासूबाई आणि मी. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये येतात, त्यातून धाकट्याची ट्यूशन आणि लाइट बिल भागतं. कुणाला ही रक्कम छोटी वाटेल. आमच्या घरात या दोन गोष्टींसाठी आता कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितलं. आधी आपला आधार नंबर, मग त्यावर येणारा ओटीपी, आणि त्यानंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. मी तिथेच अडकले. मिस्टरांचं सिम कधीच बंद झालं होतं. ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? कामावरच्या बायका भराभर करून मोकळ्या झाल्या. घरी जाताना टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला जायच्या त्यांच्या गप्पा चालायच्या, आणि माझ्या डोक्यात एकच, की मुदत नोव्हेंबरात संपणार.

एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, दिराचा आधार टाका, दिराच्या फोनवर ओटीपी येईल, पाच मिनिटांत होऊन जाईल, शंभर रुपये. मी दिरांना फोन करून आधारचा फोटो मागवलासुद्धा. सगळे असंच करतात असं तो म्हणाला होता, आणि मला त्या क्षणी तेच ऐकायचं होतं.

दुकानात परत जाताना वाटेत अंगणवाडी लागली. मुलांची खिचडी नुकतीच झाली होती, मदतनीस मावशी बाहेर पातेलं घासत होत्या. तुम्ही दारात बसून वजनाच्या नोंदी मोबाइलमध्ये भरत होतात. मी सहज म्हणून सांगितलं, तर तुम्ही फोन बाजूला ठेवलात. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. ‘अहो, दीर म्हणजे नवरा नव्हे. खाली आपणच लिहून देतो की माहिती खरी आहे. उद्या तपासलं तर तुमच्या नावावर खोटं लागेल, दुकानदाराच्या नाही. थांबा.’ मी विचारलं, मग काय करू? तुम्ही म्हणालात, ‘आज मला माहीत नाही. कळलं की मी स्वतः येईन सांगायला.’

ताई, नवरा गेल्यापासून मी पुष्कळ टेबलांसमोर उभी राहिले आहे. ‘माहीत नाही’ हे मी तिथे खूप ऐकलंय, पण ते तोंडावर खिडकी लावून घेतल्यासारखं असायचं. ‘माहीत नाही, पण कळलं की येईन’ हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मी दुकानात गेले नाही. दिरांचा फोटोही पुसून टाकला.

पुढे दसरा आला, २ ऑक्टोबर. दसरा आणि गांधी जयंती त्या वर्षी एकाच दिवशी. तुम्ही आपट्याची पानं घेऊन दारोदार फिरलात आणि सोनं देता देता प्रत्येक घरात विचारत होतात, केवायसी झाली का, कुणाचं अडलंय का. माझ्याकडे आल्यावर म्हणालात, ‘अजून काही आलेलं नाही, पण मी विसरलेली नाही.’ तुम्ही ज्या योजनेत काम करता ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ लाच सुरू झाली, म्हणजे त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली. तुमच्या तोंडून त्याचा उल्लेखही आला नाही. मला ते पेपरातून कळलं.

दिवाळीही गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रात्री नऊच्या सुमाराला तुम्ही दार वाजवलंत. हातात मोबाइल, गळ्यात मफलर, घरी जेवायला गेला नव्हतात हे चेहऱ्यावरून कळत होतं. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलेलं तुम्ही मला उभ्या उभ्याच वाचून दाखवलंत. ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली होती. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झालेला आहे, अशा बायकांनी आपली स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद याची प्रत आपल्या अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. सासूबाई आतून विचारत होत्या कोण आलंय. मला उत्तर देता येईना, कारण मी रडत होते. मंत्र्यांचे आभार मी इथे मानतेच. आमच्यासारख्यांचं अडलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचलं आणि वाट काढली गेली. पण ते पोहोचवलं कोणी? गल्लीगल्लीतून ‘या बाईचं इथे अडतंय’ असं वर कळवत राहिलेल्या तुमच्यासारख्या सेविकांचा त्यात वाटा नसेल, हे मला कुणी सांगितलं तरी पटणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाखला घेऊन आले. तो रेशनकार्डाच्या पिशवीत तळाला होता आणि बाहेर काढायची मला हिंमत होत नव्हती. तुम्ही तो हातात घेतलात, नाव, तारीख, आधारावरचं नाव सावकाश जुळवून पाहिलंत आणि मूळ कागद लगेच मला परत दिलात. ‘हा सांभाळून ठेवा, हा कुणाकडे द्यायचा नाही.’ झेरॉक्स तुम्ही स्वतःच्या पैशाने काढून आणलीत. मी पैसे पुढे केले तर माझी मूठ मिटवलीत. मग एका चौरेघी वहीत माझं नाव, दाखल्याचा नंबर, तारीख लिहिलीत, माझी सही घेतलीत आणि वहीच्याच अर्ध्या पानावर मला पोच लिहून दिलीत, खाली तुमची सही. तसं करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘कागद पुढे गेला की तुम्ही कुणाला विचारणार? ही चिठ्ठी दाखवा, मला विचारा.’ ते अर्धं पान आता माझ्या रेशनकार्डाच्या पिशवीत दाखल्याशेजारी आहे.

केवायसी भरतानाची एक गोष्ट मुद्दाम लिहिते, इतर बायकांना उपयोग होईल. शेवटी दोन प्रश्न येतात. त्यातलं वाक्य नकाराचं असतं. घरात कुणी सरकारी नोकरीत कायम नाही, असं ते वाक्य आणि त्यापुढे होय की नाही. घाईत माणूस ‘नाही’ दाबतो आणि अर्थ उलटा होतो. तुम्ही प्रत्येकीला ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचायला लावत होतात आणि मग विचारत होतात, ‘आता तुमच्या शब्दांत सांगा, काय लिहिलंय?’ ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तुम्ही वाचून दाखवत होतात, पण बोट मात्र त्यांचंच ठेवायला लावत होतात. एका बाईला पंधरा मिनिटं लागत होती. बाहेर रांग वाढत होती, कुणी कुरकुरलं की तुम्ही नुसता हात वर करून थांबा म्हणत होतात. तेव्हा मलाही वाटलं होतं, इतकं कशाला. नंतर ज्यांचं चुकीचं बटण दाबलं गेलं त्यांची धावपळ कानावर आली, तेव्हा त्या पंधरा मिनिटांचं मोल कळलं.

एकट्या तुम्ही नव्हतात, हेही लिहायला हवं, तुम्हालाही ते आवडेल. मंडळाने संध्याकाळी हॉल उघडून दिला आणि लांब वायरचा बोर्ड टाकून दिला. कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) करणाऱ्या दोन मुली रोज सात ते नऊ यायच्या, म्हाताऱ्या बायकांच्या मोबाइलमध्ये ओटीपी शोधून द्यायच्या आणि नंबर कुणाला सांगायचा नाही हे दर वेळी बजावायच्या. टीएमटीतून, म्हणजे ठाण्याच्या बससेवेतून, निवृत्त झालेले आमच्या चाळीतले काका रांग सांभाळायचे, त्यांनी वही-पेनाची व्यवस्था केली. बचत गटाच्या बायकांनी चहा ठेवला. पण ही सगळी माणसं तुमच्या शब्दावर आली होती. वर्षानुवर्षं ज्यांच्या मुलांना तुम्ही वजनकाट्यावर ठेवलंत, लसीच्या तारखा ज्यांच्या घरी जाऊन सांगितल्यात, त्याच घरांतून ही मदत उभी राहिली. त्या दोघींमधली एक मुलगी लहानपणी तुमच्याच अंगणवाडीत होती, तिने स्वतः मला सांगितलं.

माझा धाकटाही तुमच्याकडेच होता. दंडघेर मोजायची पट्टी तुम्ही त्याच्या हाताला लावलीत आणि मध्यम कुपोषणाचा पिवळा रंग दिसल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलंत, सगळ्यांसमोर नाही. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या वेळी तुम्ही ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होतात आणि आम्ही दाराआडून फक्त बोट पुढे करत होतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा अधिवासाच्या दाखल्यासाठी लोक पळत होते. १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्डही चालतं असा बदल झाल्याबरोबर तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडून सांगितलंत की दाखल्यावर पैसे घालवू नका. त्या वेळी एका अर्जामागे सेविकांना ५० रुपये ठरले होते. तुम्ही किती बायकांचे अर्ज रात्री घरी नेऊन भरलेत ते आम्ही पाहिलंय. त्या ऑगस्टमध्ये खात्यात पहिल्यांदा ३००० रुपये आल्याचा मेसेज आला, तो मी सगळ्यात आधी तुम्हाला दाखवायला धावत आले होते. तुम्ही पोरांच्या हाताला साबण लावत होतात.

आणि त्याच्या आधीचा हिवाळा. डिसेंबर २०२३ मध्ये तुमचा संप सुरू झाला आणि पन्नासहून जास्त दिवस चालला. अंगणवाडीला कुलूप पाहून मी चिडले होते, शेजारणीजवळ काहीबाही बोललेही होते. ते तुमच्या कानावर गेलं असेल तर मला क्षमा करा. तुम्हाला पगार नाही, मानधन असतं, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क मान्य केला, हे तुम्हीच नंतर एकदा बोलता बोलता सांगितलंत, आणि एवढ्यासाठी न्यायालयात जावं लागलं हे ऐकून मला वाईट वाटलं. आम्ही तुम्हाला इतकी कामं सांगतो की मुलांची बडबडगीतं घ्यायचा तुमचा वेळही आम्हीच खातो. २०२५ मध्ये दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे पैसे जात होते. त्यातली एकेक बाई कुणीतरी समोर बसवून, समजावून, धीर देऊन तिथपर्यंत आणलेली आहे. आपल्या भागात ते तुम्ही केलंत. मानधन वेळेवर आणि तुमच्या कष्टाला शोभेल एवढं मिळावं, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहिते. यापुढे तुम्ही त्यासाठी मैदानात बसलात तर मी एक सुट्टी टाकून तुमच्या शेजारी येऊन बसेन.

माझा हप्ता चालू राहिला. धाकट्याची ट्यूशन सुटली नाही. थोरला दहावीला आहे, त्याचा फॉर्म मी स्वतः भरला, प्रत्येक वाक्य दोनदा वाचून, तुम्ही शिकवलंत तसं. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई आहे, तिचे मिस्टर दिवाळीत गेले. तिच्या कागदांसाठी मी तिच्याबरोबर जाते आहे. मला सगळं येत नाही. जे येत नाही ते तिला तसंच सांगते आणि तुम्हाला विचारून येते.

त्या रात्री तुम्ही माझ्या घरी विसरून गेलात तो स्टीलचा छोटा डबा अजून माझ्याकडेच आहे. सासूबाईंनी त्यात तिळाच्या वड्या भरून ठेवल्या आहेत, गूळ कमी घातलाय, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. सोमवारी पहिल्या पाळीला जाताना देऊन जाईन. तुम्ही आला नसलात तर मदतनीस मावशींकडे ठेवते.

तुमची,
डेपोच्या मागच्या चाळीतली, दोन मुलांची आई
लोकमान्य नगर, ठाणे