रात्रपाळीच्या सिस्टर, मामा आणि लॅबवाल्यांचे आभार

न्यूमोनियाच्या पेशंटची बडबड ‘तापामुळे असेल’ म्हणून सोडून न देता मान वाकते का (ताठ मान म्हणजे मेनिंजायटिसची, मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची, शंका) ते बघायला लावणाऱ्या सिस्टर, तुमचे आधी. एक्स-रेवर डाग दिसला की डॉक्टरांचं डोक्याकडे लक्षच जात नाही, आणि न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकॉकस तोवर फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूच्या आवरणात पोचलेला असतो. न्यूमोनियाला दिवसाला 1-2 ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक पुरतं; मेनिंजायटिसला दर 12 तासांनी 2 ग्रॅम लागतं, जोडीला व्हॅन्कोमायसिन, पन्नाशीपुढे लिस्टेरिया या जंतूसाठी अँपिसिलिनही. तुम्ही ब्लड कल्चर आधी घेता, सूज कमी करणारं स्टिरॉइड डेक्सामेथासोन 10 मिलिग्रॅम पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी किंवा सोबतच देता, सीटीच्या रांगेपायी डोस अडवत नाही. बोटाची साखरही तेव्हाच मोजता. नाहीतर तपासणीसाठी काढलेल्या पाठीच्या पाण्यातली (मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवातली) साखर 30 आली तर ती कमी की ठीक, कळणार कसं?

वॉर्डबॉय मामा, त्या पाण्याची नळी फ्रिजमध्ये न ठेवता तुम्ही थेट लॅबमध्ये पोचवता. गारठ्याने जंतू मरतात, कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

आणि रात्री दोनला ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी) करून ‘जोडीजोडीने जांभळे ठिपके आहेत’ (न्यूमोकॉकसची खूण) असं छापील रिपोर्टची वाट न बघता फोनवर कळवणारे लॅबवाले, तुमचेही!