कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकवाल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, त्या दिवशी नेमप्लेट वाचायचं भान नव्हतं आणि नंतर भेटलो तेव्हा विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

जूनमधली संध्याकाळ, पाऊस भुरभुरत होता, आणि तावडे हॉटेलकडून कावळा नाक्यावरून जी १०८ ची गाडी तुमच्या चौकाकडे येत होती तिच्यात माझी आई होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उचलत नव्हता. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं असं गाडीतल्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि आमचे ३ तास तर गावातच गेलेले, आधी सगळ्यांना वाटलं पित्त झालंय, झोपू दे जरा.

मी पुढं पायलटच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसलेलो. आता माझं कामच सिग्नलचं आहे, चौकात कडेला जी पेटी असते तिच्यातला कंट्रोलर बसवायचा, टायमिंग भरायचं, हेच रोज करतो, त्यामुळे लांबून लाल दिवा दिसला तसा मी मनातल्या मनात सेकंद मोजायला लागलो आणि पुढची रांग बघून पोटात गोळाच आला. आणि मग बघतोय तर आम्ही अजून बरेच मागं असतानाच दिवा हिरवा झाला, रांग सुटली, तुम्ही मधोमध उभ्या, रेनकोट, तोंडात शिट्टी, एक हात स्टेशन रोडच्या गाड्यांना पुढं ढकलतोय आणि दुसरा आडव्या रस्त्याला थोपवून धरतोय. आम्ही पोचलो तेव्हा चौक रिकामा. पायलटनं ब्रेकवर पाय ठेवला नाही. व्हीनस कॉर्नरला पण तसंच!

तुम्ही काय केलंत ते कदाचित तुम्हालाही एवढं मोठं वाटत नसेल, म्हणून माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटाकडं थ्रीएम कंपनीनं यासाठी ऑप्टिकॉम नावाची सिस्टीम काढली. अग्निशमनच्या गाडीवर, अॅम्ब्युलन्सवर एक दिवा, तो सेकंदाला साधारण १४ वेळा लुकलुकतो, सिग्नलच्या खांबावरचा सेन्सर तेवढं ओळखतो आणि कंट्रोलरला सांगतो की या बाजूला हिरवा दे. बससाठी तोच दिवा साधारण १० वेळा, म्हणजे बसला जमलं तर थोडं झुकतं माप, पण अॅम्ब्युलन्सला सगळ्यात आधी. आता जीपीएसवर पण चालतं, गाडी किती लांब आहे, काय स्पीड आहे, वळायचा इंडिकेटर चालू आहे का, सगळं कळतं. पण तिथंही बटण दाबलं की लगेच हिरवा असं होत नाही बरं का. आडव्या रस्त्याला पिवळा द्यावाच लागतो, मग क्षणभर सगळीकडं लाल, आणि जो माणूस झेब्रावर अर्ध्यात आहे त्याला पलीकडं पोचू द्यावं लागतं, नाहीतर एकाला वाचवायला जाऊन दुसऱ्याला उडवाल.

आणि खरी अडचण लाल दिवा नसतोच, अडचण असते त्याच्या पुढं उभी असलेली रांग. एका लेनमध्ये २० कार उभ्या असतील तर एकेकीला रेघ ओलांडायला साधारण २ सेकंद धरा, झाले ४० सेकंद, आणि ताशी ४० च्या स्पीडनं येणारी अॅम्ब्युलन्स तेवढ्यात जवळजवळ साडेचारशे मीटर येते. म्हणजे सिग्नलला अर्धा किलोमीटर आधी कळलं तरच उपयोग, गाडी दारात आल्यावर हिरवा देऊन काही होत नाही. आपल्याकडच्या कंट्रोलरमध्ये पण हरी कॉल म्हणून सोय असते, घाईची हाक, पण ती हाक वेळेत मारणारं कुणीतरी लागतं ना.

तीनेक आठवड्यांनी मी मुद्दाम गाडी बाजूला लावून तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय का? तुम्ही म्हणालात, "सायरन कावळा नाक्याकडनं आला की आधी पुढचं रिकामं करायचं, पेटी मॅन्युअलला टाकायची, आणि वॉकीटॉकीवर पुढच्या चौकाला कळवायचं." म्हणजे ते सगळं मशीन जे करतं तेच, फक्त कानानं. आणि अजून एक सांगितलंत ते मला इतकी वर्षं या कामात असून सुचलं नव्हतं, की सगळ्यात पुढचा गाडीवाला मुद्दाम अडवत नसतो, त्याला कॅमेऱ्याची भीती असते, रेघ ओलांडली तर चलन येईल, म्हणून तो मागं सायरन वाजत असला तरी थिजून उभा राहतो, त्याला पोलिसानं हात करून बोलावलं की तो सुटतो. अॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर कायद्यात १०,००० रुपये दंड आहे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पण रेघेवर अडकलेल्या त्या माणसाला दोन्हीकडून भीतीच की हो.

मागून येणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं हेही सांगितलं की आमची गाडी गेल्यावर तुम्ही थांबवलेल्या आडव्या रस्त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडलंत. हे तर आम्ही मशीनमध्ये भरायला कितीदा विसरतो.

आईला इंजेक्शन वेळेत मिळालं. साडेचार तासाला थोडीच मिनिटं बाकी होती, त्यातली किती तुमची ते मी रोज मोजतो. बोलणं अजून जरा अडखळतं, पण गेल्या आठवड्यात तिनं उजव्या हातानं भाकरी थापली, वाकडीतिकडी झाली, आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली.

आता नवीन चौकाचं टायमिंग भरायला बसलो की मी आधी तिथं ड्युटीला असलेल्या पोलिसाशी जाऊन बोलतो, रांग कुठपर्यंत जाते, सायरन कुठून ऐकू येतो, सगळं विचारून घेतो. हे तुमच्यामुळं.

मागच्या दोन फेऱ्यांत तुम्ही चौकात दिसला नाहीत, ड्युटी बदलली असेल. आईला तुम्हाला भेटायचंय ताई. गाडीत झोपल्या झोपल्या तिला फक्त शिट्टी ऐकू आली होती आणि शुद्धीवर नीट आल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, "कोण गं बाई वाजवत होती एवढ्या पावसात?" कुठल्या चौकात आहात तेवढं कळवा, मी तिला घेऊन येतो.