एकोणीस-एकोणीसचा चेंडू

सांगली,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

गणपतीपासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उलट केला नाही. रागावला असशील तर रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर हा विषय काढला असता तर तू दोन मिनिटांत "अरे सोड ना" म्हणाला असतास आणि मी गप्प बसलो असतो. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे, गुडघ्याचं तुला माहीतच आहे.

गेल्या रविवारी माझ्या नातीची, चिमीची, मॅच झाली. टेबल टेनिसची राज्य मानांकन स्पर्धा, पंधरा वर्षांखालचा गट, उपांत्यपूर्व फेरी. समोरची मुलगी तिच्याच क्लबातली, रोज शेजारच्या टेबलावर खेळणारी. सकाळी त्यांचे कोच चहा घेऊन माझ्याकडे आले. कागदी कप हातात देत म्हणाले, "काका, चिमीला या गटात अजून वर्षं आहेत. तिचं मात्र हे शेवटचं. आज गुण मिळाले तर ती संघात बसते. तुम्ही जरा समजावा."

मी "बघू" म्हणालो. बंड्या, "नाही" म्हणायला हवं होतं रे. मी "बघू" म्हणालो आणि चहा पिऊन टाकला.

चिमीला मी एक शब्द बोललो नाही. पण त्यांनी तिलाही गाठलं होतं. दोघी एकाच क्लबाच्या, म्हणून कोच कुणाच्याच खुर्चीत बसले नव्हते, लांब भिंतीला टेकून उभे होते. पहिला गेम चिमीने घेतला, दुसरा गेला, तिसरा घेतला, चौथा गेला. पाचव्यात नऊ-नऊ. तिची ती सवय तुला आठवते ना, नेटजवळ टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात पुसायची? तिने तो पुसला, मग परत पुसला, आणि तिसऱ्यांदा पुसायला गेली तेव्हा अंपायरने खेळ म्हणून खूण केली. सर्व्हिस समोरचीची. चिमीने पुश केला, समोरून चेंडू उंच आला, फोरहँडला, अगदी पानात वाढल्यासारखा. असे चेंडू ती झोपेतही मारते. तिने मारला आणि तो टेबलाच्या वीतभर बाहेर गेला. पुढचा समोरच्या मुलीने सरळ घेतला. ११-९.

गाडीत तिने डबा उघडला नाही. मिरज मागे टाकेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आबा, मी तो सोडला का? मला कळतच नाहीये."

रडली असती, कोचवर चिडली असती, माझ्यावर चिडली असती तरी मला चाललं असतं. तेरा वर्षांची पोर स्वतःच्या हाताला विचारतेय की तू काय केलंस.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल की हे मी तुलाच का लिहितोय. १९८४, आपल्या दोघांचा उपांत्य सामना, पाचवा गेम, एकोणीस-एकोणीस (तेव्हा गेम एकवीसचा असायचा). तू ४१ वर्षं विचारतोस, "तो बॉल सोडलास का?" आणि मी ४१ वर्षं "नाही" म्हणतो. माझ्या लग्नात पंगतीत विचारलंस. वहिनींसमोर विचारलंस तेव्हा त्यांनी तुझ्या ताटात मुद्दाम दुसरा लाडू वाढला, तोंड बंद व्हावं म्हणून, आणि तू लाडू खाऊन पुन्हा विचारलंस! विट्याच्या बसमध्ये तर आपण महिनाभर न बोलण्याइतके भांडलो.

आदल्या रात्री सर माझ्या खोलीवर आले होते. नाव लिहीत नाही, ते आता नाहीत. म्हणाले, बँकेचे लोक उद्या सामना बघायला येणार आहेत, त्यांना अंतिम फेरीतला एक मुलगा खेळाडू म्हणून नोकरीत घ्यायचा आहे, बंड्याच्या घरची परिस्थिती तुला ठाऊक आहे. मी त्यांना सांगितलं, जमणार नाही. हे अगदी खरं आहे, आईची शपथ. जमणार नाही म्हणालो आणि तसाच टेबलावर आलो. पण एकोणीस-एकोणीसला तुझा तो बॅकहँड पुश उंच बसला, मी हात उचलला, आणि त्या एवढ्याशा वेळात तुझ्या वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चेंडू नेटमध्ये. तो मी घातला की गेला, बंड्या? मला माहीत नाही. खरं उत्तर हेच आहे आणि ते मला गेल्या रविवारी चिमीच्या तोंडून कळलं. मी "नाही" म्हणत होतो ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

एकदा कुणी येऊन "हर" म्हणालं ना, की मग प्रामाणिकपणे हरायचीही सोय उरत नाही. जिंकणाऱ्याचं जिंकणं तर नासतंच.

हे सगळं डोक्यात घेऊन त्या रात्री मी चिमीला दिल्लीची गोष्ट सांगायला बसलो. १९८७ ची जागतिक स्पर्धा, इंदिरा गांधी स्टेडियम, तुझ्या पगारातून काढलेली तिकिटं, आणि गॅलरीत चीनच्या हे झिलीच्या नावावरून तुझी ती बडबड: "हे झिली काय, ही झिली म्हण!" पुढच्या रांगेतले सरदारजी मागे वळून बघत होते. आपण गेलो होतो स्वीडनच्या वाल्डनरसाठी. २१ वर्षांचा वाल्डनर अंतिम सामन्यात चीनच्या जियांग जियालियांगकडून हरला आणि तू रात्रभर जेवला नाहीस. स्त्रियांचा उपांत्य सामना, हे झिली विरुद्ध गुआन जियानहुआ, दोघी चिनी, म्हणून आपण नुसता वेळ घालवायला बघत होतो. आपल्या डोळ्यांसमोर काय चाललंय हे आपल्याला कुठे ठाऊक होतं! हे झिलीला तिच्याच संघाकडून हरायला सांगितलं होतं. पुढे कोरियाच्या यांग यंग-जाशी गाठ होती आणि तिथे गुआन जास्त भरवशाची, असा हिशेब. हे झिलीने ऐकलं नाही. गुआनला हरवलं, मग यांगलाही हरवून जगज्जेती झाली. आणि १९८८ ला, टेबल टेनिस पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा, सोलच्या चिनी संघात जगज्जेतीचंच नाव नाही. हे सगळं उघड झालं तेव्हा तू एकदम गप्प झाला होतास. मी तेव्हाच "का?" म्हणून विचारायला हवं होतं, ते आज विचारतो.

चिमीने विचारलं, "म्हणजे चीनवाले असं नेहमी करायचे?" मग मी झुआंग झेडाँगवर आलो. १९६१, ६३, ६५, सलग तीन जगज्जेतेपदं. तिन्ही अंतिम सामन्यांत समोर एकच माणूस, ली फुराँग. लीला हरायला सांगितलं जायचं, हे पुढे त्यांच्याच लोकांनी बोलून दाखवलं. चेंडू सोडून देण्याला त्यांच्या भाषेत सरळ एक शब्दच आहे. आपण पोरं असताना झुआंगच्या फोरहँडची नक्कल करत सगळ्या गल्लीला बॅटा दाखवायचो. तो मोठा खेळाडू होताच, यात मला तिळमात्र शंका नाही. पण किती मोठा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, त्याला स्वतःलाही आलं नसणार. लीचं सोड, तो निदान हरला. झुआंगचं काय गेलं, हे मला आता कळतंय.

याच्या उलट १९८९ ची जागतिक स्पर्धा, जर्मनीतलं डॉर्टमुंड. वाल्डनर आणि पेर्सन, दोघे स्वीडनचे, अंतिम फेरीत समोरासमोर, आणि पाच गेमपर्यंत जीव तोडून खेळले. वाल्डनर जिंकला. दोन वर्षांनी जपानमधल्या चिबाला पुन्हा हेच दोघे आणि या वेळी पेर्सनने त्याला सरळ तीन गेममध्ये झोपवला. त्यांना कुणी सांगायला आलं नाही, म्हणून दोघांकडेही जे आहे ते त्यांचं स्वतःचं आहे. चिमी हे ऐकताना पहिल्यांदा उठून बसली.

हिरोशिमा मात्र मी सांगितलं नाही. तिथे आपलं भांडण आहे ना! १९९४ चे आशियाई खेळ, हे झिली जपानच्या सुनेच्या रूपात, नाव कोयामा चिरे, आणि अंतिम फेरीत चीनची, तुझी लाडकी डेंग यापिंग. उंची जेमतेम दीड मीटर, कमी उंचीपायी आधी नाकारलेली, बार्सिलोना ऑलिंपिकची सुवर्णविजेती. कोयामाने तिला हरवलं, प्रत्येक गुणाला जपानीत ओरडत. तू म्हणालास, "देश सोडून गेलेल्या बाईचं कौतुक मला सांगू नकोस." मी म्हणालो, देशाने तिला आधी सोडलं. डेंग हरली म्हणून तू चिडला होतास, असं मी तेव्हा धरून चाललो. आता तसं वाटत नाही.

म्हणून विचारतो. त्या सामन्यानंतर तू अंतिम सामना जिंकलास, बँकेत लागलास, बहिणींची लग्नं केलीस, सगळं नीट केलंस. तुला कसं वाटत होतं रे? तू दरवेळी विचारायचास तेव्हा मी तुला चिकट म्हणायचो. माझ्याकडून उत्तर हवं होतं, की तुला स्वतःसाठी हवं होतं? ती दुसरी मुलगीही चौदाचीच आहे. परवा क्लबात भेटली, संघात निवड झाली म्हणून पेढा दिला आणि चिमीकडे न बघता निघून गेली. तिच्याशी काय बोलावं हे मला अजिबात सुचत नाही. ते तुलाच सुचेल.

कोचना मी काल भेटून सांगितलं, पुन्हा असं झालं तर चिमी दुसरीकडे जाईल. त्यांनी हसून मान हलवली. जाईल कुठे, इथे दुसरं चांगलं टेबल नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मधूच्या नव्या घराची वास्तुशांत चुकली, त्याला सांग मी येऊन जेवून जाईन.

नाताळच्या सुट्टीत ये. चार दिवस काढून ये. चिमी रोज विचारते, हे झिलीचं पुढे काय झालं. मी म्हटलंय, ते बंडूआजोबा सांगतील.

तुझा,
नाना