पत्र अण्णांच्या नावाने

लातूर,
नागपंचमीचा दुसरा दिवस

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हल्ली आपलं धड बोलणं होत नाही. अण्णांना ऐकू कमी येतं, मधे आई निरोप पोचवते, आणि मी दहा मिनिटं बोलले तरी अण्णांपर्यंत ‘बरी आहे म्हणायली’ एवढंच जातं. म्हणून पत्र. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना पेपर नीट वाचता यायलाय असं आईच म्हणाली, तेव्हा अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

अण्णांनी विचारलं होतं, यंदा काय शिकवायलीस? बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आत्मकथनं आहेत. वर्गाला मी एक काम दिलं होतं: प्रत्येक पुस्तकात बाप सगळ्यात ठळक कुठं दिसतो, ती जागा शोधून आणा. मला वाटलं, कुणी शेत आणेल, कुणी गुत्ता, कुणी बापाचं मरण. बहुतेकांनी आणली ती शाळा. बाप शाळेच्या दारात उभा आहे; कुठं आत ढकलतोय, कुठं बाहेर ओढतोय.

आनंद यादवांची ‘झोंबी’ तुम्ही वाचली नसेल. कागलकडचं कुळवाडी घर. बाप पोराला शाळेतून काढून शेताला जुंपतो आणि पोराला तर शिकायचंय. मग आई आणि पोरगा रात्री गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात, बापाला समज द्या म्हणून गळ घालतात. देसाई बापाला चांगलं फैलावर घेतात. बाप वरमतो, पण अटी घालतो. सकाळी उठल्यापासून अकरापर्यंत पिकाला पाणी पाजायचं, तिथूनच शाळेत जायचं, सुटल्यावर जनावरं चारायची, आणि जास्तीचं काम निघालं की त्या दिवशी शाळा नाही. पोरगा सगळ्याला हो म्हणतो. वर्गातली मुलं या बापावर भयंकर चिडतात. मी त्यांना म्हणते, चिडा, पण त्या अटी पुन्हा वाचा. मोटेवर माणूस कमी पडलं की काय होतं, हे त्या अटींतून जेवढं कळतं तेवढं अर्थशास्त्राच्या पुस्तकातून कळायचं नाही.

दुसरं पुस्तक आपल्याच भागातलं. लक्ष्मण गायकवाडांचा ‘उचल्या’; ते लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. ‘झोंबी’ आणि ‘उचल्या’ दोन्ही 1987 सालचीच, आणि बाप मात्र एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ज्या जमातीवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमातीतला हा बाप पोराला शाळेत घालतो. वस्तीतल्या लेकरांना हगवण-उलटी लागते, तर लोक त्याचं खापर या पोराच्या शाळेवर फोडतात. इथं शाळेची गरज बापालाच पहिल्यांदा कळली होती. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त तर बाप हजरच नाही. शाळेत नाव घालताना बापाचं नाव काय लावायचं, इथंच गाडी अडते. नसलेला बापसुद्धा आयुष्यभर पोराच्या मानगुटीवर बसू शकतो, हे लिंबाळ्यांनी 1984 सालीच लिहून ठेवलंय.

एवढं झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही सगळी पोरांचीच पुस्तकं झाली की.” मी तिला पंडिता रमाबाईंच्या वडिलांचं सांगितलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी त्या काळात बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष पत्करला, लेकीलाही शिकू दिलं. 1858 ला जन्मलेल्या मुलीला असा बाप मिळाला. मुलीचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण मला ताई आठवत होती.

अण्णा, तुमच्या मोंढ्यातल्या मुनीमकीनं मला काय दिलं ते आधी सांगते. आडतीवरच्या बाद झालेल्या पट्ट्या तुम्ही घरी आणायचात. समोरच्या बाजूला कुणाच्या तरी तुरीचं वजन, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. मागची बाजू कोरी, ती माझी. माझे सगळे निबंध त्या पाठकोऱ्यांवर लिहून झालेत. हिशोब जुळला की शेवटच्या आकड्याखाली तुम्ही दोन रेघा मारायचात, जवळजवळ आणि सरळ. मी आज पेपर तपासून झाल्यावर एकूण गुणांखाली तशाच दोन रेघा मारते. सोबतचे प्राध्यापक हसतात. अभ्यास कर असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. काकांनी अंगणात बसून ‘पोरीला परभणीला कशाला पाठवायचं’ म्हणून घोळ घातला, तेव्हाही तुम्ही गप्प होतात. दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली आणि होस्टेलात माझं नाव घालून आलात. त्या दिवशी तुम्ही ‘उचल्या’तले वडील होतात.

पण ताईच्या दहावीनंतर तुम्हीच ‘झोंबी’तले होतात. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. पट्टीवरची बेरीज ती तुमच्या आधी करायची, हे तुम्हीच पाहुण्यांना कौतुकानं सांगायचात. निकाल लागला आणि पुढच्या लग्नसराईत ती सासरी गेली. काहीच वर्षांनी माझी पाळी आली, तेव्हा तेच घर, तेच काका, तेवढाच पगार. बदललं काय, ते मला कळलेलं नाही. ‘झोंबी’त बापाला वळवायला देसाई होते, आपल्याकडे देसाई कोण होतं? आई एकदा बोलता बोलता म्हणून गेली की ताई माहेरपणाला आली होती तेव्हा तुमच्याशी ओसरीवर बराच वेळ बोलत बसली होती. पुढं आईनं विषय बदलला, आणि ताई तर बोलतच नाही.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट आजी सांगायची. बापानं, दमा त्याचं नाव, पोर पंढरपुरात दामाशेटींच्या घरी नेऊन सोडली. आजीच्या तोंडी ती भक्तीची गोष्ट असायची आणि शेवटी विठोबा दळू लागायचा. मला आता तो बाप दिसतो, पोरीला परक्या दारात ठेवून परतणारा. वाटेत तो काय बोलला असेल, परत कधी भेटायला आला का, गोष्टीत काही नाही. अभंग सगळे जनीचे. बापाची बाजू तिथं रिकामी आहे.

एका बापानं मात्र मुलाच्या अटी मानल्या. पैठणच्या नाथांची कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच आहे. हरिपंडिताला संस्कृताचा अभिमान. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाकडंही जेवतात, हे खपेना म्हणून तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले आणि त्याच्या दोन्ही अटी मान्य केल्या. प्राकृतात सांगणार नाही, परान्न घेणार नाही. पुढं एका गरीब बाईच्या घरची पत्रावळ उचलायला हरिपंडित वाकला तर एकाखाली दुसरी निघतच राहिली, हा चमत्कार कीर्तनकाराला प्रिय. मला आवडतात त्याआधीचे दिवस. एवढा मोठा माणूस पोराच्या शब्दाखातर घरात गप्प बसून राहिला असेल, ते.

तर माझीही एक अट आहे. नरेंद्र जाधवांनी आपल्या निवृत्त वडिलांना आठवणी लिहायला लावल्या, त्यातून 1993 साली ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक झालं. मला पुस्तक नको. सोबत दोनशेपानी वही पाठवतेय. मोंढ्याचं लिहा, बहात्तरच्या दुष्काळाचं लिहा, जमेल तसं. पण पहिली पानं ताईच्या दहावीची. तिला का थांबवलं, मला का नाही, आणि ओसरीवर ती काय म्हणाली. कसंही असलं तरी चालेल. ‘पैसा नव्हता’ एवढंच असेल तर तेवढंच. लिहून झालं की ताईला आधी द्या, मला नंतर.

आई, आता तुला. काफ्का नावाचा प्रागचा एक लेखक होता. लहानपणी रात्री पाण्यासाठी रडला म्हणून बापानं त्याला उचलून बाहेरच्या सज्ज्यात उभं केलं होतं. ते त्यानं 1919 साली बापाला लिहिलेल्या शंभरावर पानांच्या पत्रात मांडलं, आणि पत्र आईच्या हाती दिलं. त्या माउलीनं ते नवऱ्याला दिलंच नाही, त्यालाच परत केलं. घरात वाद नको म्हणून केलं असणार. तूही तेच करशील, मला माहीत आहे. ताईचा मजकूर गाळून तू अण्णांना बाकीचं वाचून दाखवशील. म्हणून हे स्पीड पोस्टानं अण्णांच्या नावाने टाकतेय. पोस्टमन आला की त्यांना उठव. सही त्यांनाच करू दे.

गुडघ्याचं तेल वहीबरोबरच आहे.

तुमची,
धाकटी