ड्रेनची नळी पिळायला शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

वॉर्डात रोज इतके पेशंट येतात-जातात की माझा चेहरा तुमच्या लक्षात असेलच असं नाही. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते स्तनाची पुनर्रचना करून घेणाऱ्या प्रत्येकीला घरी जाण्याआधी कळायला हवं.

ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. स्तन काढणार, त्याच वेळी आत एक्स्पांडर, म्हणजे हळूहळू भरून कातडी ताणणारी पिशवी, बसवणार. पण आतलं पाणी बाहेर काढायला अंगातून बाहेर आलेल्या त्या दोन नळ्या, म्हणजे ड्रेन, घरी कशा सांभाळायच्या, हे तुम्ही दाखवलंत. स्तन काढला की आत पोकळी उरते, तिच्यात पाणी झिरपत राहतं आणि ते बाहेर पडलं नाही तर साठतं, त्यालाच सेरोमा म्हणतात, हे तुम्ही ड्रेसिंग करता करता सांगितलंत. मग कातडीजवळ नळी एका हाताच्या चिमटीत घट्ट धरलीत आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती खालपर्यंत पिळत नेलीत. टाक्याला जरासुद्धा ओढ बसली नाही. नळीच्या टोकाचा बल्ब, म्हणजे पाणी खेचून साठवणारा फुगा, रिकामा केला की तो दाबून धरायचा आणि तसाच बूच लावायचं, नाहीतर तो पाणी खेचत नाही. मापाचा कप सपाट जागी ठेवायचा आणि नजर त्याच्या पातळीला आणून वाचायचा. आधी हात धुवायचे, नंतर पुन्हा धुवायचे. हे सगळं तुम्ही माझ्या बहिणीकडून करून घेतलंत. तिचे हात थरथरत होते, तिला जमेपर्यंत तुम्ही जागच्या हलला नाहीत.

वहीत दोन्ही ड्रेनची नोंद वेगवेगळी, रोज ठरल्या वेळी. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जायला हवा. पाणी एकाएकी वाढलं, एकदम बंद झालं, गढूळ झालं किंवा वास आला तर लगेच फोन. घरच्यांना घाई झाली होती, नळ्या एकदाच्या काढून टाका म्हणत होते. तुम्ही त्यांना बसवून सांगितलंत की लवकर काढली तर पाणी आत साठतं आणि फार दिवस ठेवली तर त्याच वाटेने जंतू आत शिरतात. म्हणून बहुतेक डॉक्टर चोवीस तासांत २० ते ३० मिलीच्या खाली पाणी येतंय का, आणि तेही सलग दोन दिवस, हे बघून ठरवतात. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही.

नळ्या निघाल्यावरही माझ्या एका बाजूला पाणी साठलंच. कूस बदलली की आत हिंदकळल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत सुईने ते काढलं, कारण अंदाजाने टोचलं तर एक्स्पांडरला भोक पडू शकतं. सुई मला कळलीही नाही. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथली कातडी बधिर आहे, म्हणजे आत दुखलं किंवा तापलं तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून रोज आरशासमोर चांगल्या उजेडात दोन्ही बाजू ताडून बघा. आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी अजिबात लावायची नाही, भाजलं तरी समजणार नाही.

तसं बघत होते म्हणूनच त्या संध्याकाळी टाक्याखालची लाली दिसली. ताप १००.४ च्या वर गेला होता. फोनवर तुम्ही शांतपणे विचारलंत, लाली कुठपर्यंत आहे, हात लावला तर गरम लागतंय का, थंडी वाजतेय का. डॉक्टरांना कळवते म्हणालात, आणि तोवर लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवायला सांगितलंत. थोड्या वेळाने लाली रेघेबाहेर गेली. पुन्हा फोन केला तर तुम्ही एवढंच म्हणालात, "सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा."

सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, साठलेलं पाणी काढून, कोणते जंतू आहेत ते तपासायला, कल्चरला गेलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की जंतू एक्स्पांडरच्या पृष्ठभागावर चिकटून थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि एकदा तो जमला की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. माझा एक्स्पांडर वाचला. किमोही लांबली नाही.

शेजारच्या खाटेवरच्या ताईंचा मात्र काढावा लागला. त्याही वेळेत आल्या होत्या. तुम्ही ड्यूटी संपल्यावर त्यांच्याजवळ बसलात. शुगर असते, आधी घेतलेलं रेडिएशन असतं, कधी कारणच सापडत नाही, तुमच्या काळजीत काही कमी पडलं नाही, असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतात. जखम भरली की काही महिन्यांनी पुन्हा विचार करता येतो, हेही सांगितलंत. माझं पत्र वाचून कुणाला वाटू नये की जपलं तिचं वाचलं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

सिस्टर, तुमचे मनापासून आभार. एक्स्पांडर भरायला पुढच्या वेळी येईन तेव्हा वॉर्डात डोकावून जाईन. बहीणही येणार आहे, तिला तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
वॉर्डातली एक पेशंट