डलिच हॅम्लेटची मी कशी झाले

ईस्ट डलिच, लंडन
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांच्या चरणी
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते की, जगभर गाजलेले इतके क्लब इंग्लंडात असताना, ज्याचे नावही आपल्याकडे कोणी ऐकलेले नाही असा सातव्या पायरीवरचा क्लब तू कशासाठी निवडलास. तेव्हा मी ‘सवडीने लिहिते’ एवढेच म्हणाले, कारण ‘निवडलास’ या शब्दापाशीच मी अडले होते. गेला आठवडाभर त्यावर विचार करते आहे, आणि माझी खात्री होत चालली आहे की लहान क्लबचा पाठीराखा निवड करून होतच नाही.

आधी सातवी पायरी म्हणजे काय ते सांगते. इथल्या फुटबॉलची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे 20 संघ, त्याखाली 24-24 संघांच्या तीन श्रेणी. असे 92 संघ होतात आणि टीव्हीवर तुम्हाला दिसणारे इंग्लिश फुटबॉल बहुतेक तिथेच संपते. त्याखाली पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहाव्या पायरीवर तिचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग आणि सातव्या पायरीवर चार प्रादेशिक विभाग आहेत. त्यांपैकी इस्थमियन लीग या विभागात आमचा डलिच हॅम्लेट खेळतो. (इंग्रजीत लिहिताना या नावात ‘डब्ल्यू’ असतो, पण तो उच्चारायचा नसतो, माझा उच्चार शेजारच्या आजींनी पहिल्याच दिवशी दुरुस्त केला.) प्रत्येक पायरीवरून वर चढता येते तसे खालीही घसरता येते, आमचा संघ 2018 साली सहाव्या पायरीवर चढला आणि 2023 साली पुन्हा सातव्या पायरीवर आला. इथले बहुतेक खेळाडू दिवसा कुठेतरी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करतात, आठवड्यातल्या एकदोन संध्याकाळी सरावाला येतात आणि शनिवारी सामना खेळतात.

मी पहिल्यांदा मैदानावर गेले ती फुटबॉलसाठी गेले नव्हते. नोव्हेंबर महिना होता, या भागात येऊन मला तीनच आठवडे झाले होते आणि शनिवारची दुपार सरता सरत नसे. खिडकीतून पाहिले तर गुलाबी आणि गडद निळ्या पट्ट्यांचे मफलर घातलेली माणसे, कोणी एकटी, कोणी मुलांचा हात धरून, सगळी एकाच दिशेने चालली होती. शेजारच्या आजींना मी विचारले, तर त्यांनी उत्तर न देता ‘कोट घाल आणि चल’ असे सांगितले, आणि मी गेले.

मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला एडगर केल यांचे नाव दिलेले आहे. 1919 नंतरची चौदाएक वर्षे हा मनुष्य डलिचसाठी खेळला, त्याने क्लबसाठी चारशेहून अधिक गोल केले आणि 1929 साली, पैसे न घेता खेळणारा हौशी खेळाडू असूनही, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून तीन सामने खेळला. त्यांतल्या पहिल्याच सामन्यात त्याने फ्रान्सविरुद्ध दोन गोल केले. त्याला खेळताना पाहिलेले कोणी आज उरलेले नसणार, तरीही प्रत्येक सामन्यात त्याच्या नावाचा गजर होतो. माझ्या शेजारी उभा असलेला सहासात वर्षांचा मुलगा ते नाव पूर्ण ताकदीने ओरडत होता. त्याच्या दृष्टीने केल काल-परवापर्यंत खेळत असावा.

त्या पहिल्या सामन्याचा निकाल मला आठवत नाही. आठवते ते मध्यंतर. प्रीमियर लीगच्या सामन्यात प्रत्येकाला आपल्या ठरलेल्या जागीच राहावे लागते. इथे बहुतेक लोक कठड्याला टेकून उभे असतात, आणि आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार असेल त्याच्यामागे थांबतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून पंचांनी शिट्टी वाजवताच शेकडो माणसे, आपली मुले, झेंडे आणि गप्पा सांभाळत, मैदानाला अर्धा वेढा घालून पलीकडच्या गोलमागे चालू लागली. मीही त्या लोंढ्याबरोबर चालले. नव्या जागी पोहोचले तेव्हा अर्ध्या तासापूर्वी माझ्या डावीकडे उभा असलेला गृहस्थ उजवीकडे आला होता, आणि आमचे बोलणे आपोआप सुरू झाले. एवढ्या जवळून खेळ ऐकूही येतो. गोलरक्षक बचावपटूंना सतत काहीतरी सांगत असतो, बुटाचा चेंडूवर बसणारा दणका छातीत जाणवतो, आणि कोणी घसरून पडला तर त्याच्या तोंडून निघालेला श्वासही कानावर येतो. टीव्हीवर वर्षानुवर्षे फुटबॉल पाहूनही या खेळाला आवाज असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

नंतर मी लोकांना विचारू लागले की तुम्ही इथे कसे आलात. आजी वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांच्या खांद्यावर बसून येत. वडील गेल्यानंतरचा पहिला हंगाम त्यांनी चुकवला आणि त्याची चुटपुट त्यांना अजून आहे. एक जण आयुष्यभर एका बड्या क्लबचा भक्त होता, परंतु दोन मुलांना घेऊन तिथली तिकिटे काढणे परवडेनासे झाले, आणि सामन्याची वेळ टीव्हीच्या सोयीने आज शुक्रवारी तर उद्या सोमवारी रात्री ढकलली जाऊ लागली, तेव्हा तो इकडे वळला. एक तरुण जोडपे ‘नॉन-लीग डे’ला म्हणून आले होते. हा दिवस 2010 पासून पाळला जातो: राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे वरच्या दोन श्रेणी बंद असतात अशा शनिवारी, आपापल्या भागातल्या लहान क्लबच्या सामन्याला जा, असे आवाहन सर्व चाहत्यांना केले जाते. त्यांनी ‘एकदा पाहू’ म्हणून आलो होतो असे सांगितले, आणि त्याला चार वर्षे झाली. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडात सहसा कुठलाही फुटबॉल सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, हेही इथेच कळले. लहान क्लबांच्या मैदानांवरचे प्रेक्षक घरी बसू नयेत म्हणून साठच्या दशकापासून हा नियम पाळला जातो, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणजे येण्याची कारणे किरकोळच असतात: घर जवळ आहे, तिकीट स्वस्त आहे, वडील आणत असत, शनिवार मोकळा होता. त्या कारणांनी माणूस प्रेक्षक होतो. पाठीराखा तो पुढे केव्हातरी होतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे क्लबला आपली गरज आहे हे त्याला उमगते तेव्हा होतो.

डलिचच्या लोकांना ते 2018 साली उमगले. मैदानाच्या जागेवरून वाद विकोपाला गेला आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यात, 1893 साली स्थापन झालेल्या या क्लबला आपले घरचे मैदान सोडावे लागले. काही मैलांवरच्या टूटिंग अँड मिचम या क्लबने, जो एरवी प्रतिस्पर्धीच म्हणायचा, आपले मैदान वापरायला दिले. आजी सांगतात की त्या महिन्यांत पूर्वी कधीमधी येणारी माणसेही नेमाने दोन बस बदलून सामन्याला येऊ लागली. लोकांनी मोर्चा काढला, सभा घेतल्या, महापालिकेत खेटे घातले. शेजारच्या पेकममध्ये लहानाचा मोठा झालेला, इंग्लंडचा माजी खेळाडू रिओ फर्डिनंड यानेही क्लबची बाजू उघडपणे घेतली. आणि याच बेघर अवस्थेत, मे महिन्यात, संघाने पेनल्टींवर बढतीचा अंतिम सामना जिंकून सहावी पायरी गाठली. डिसेंबरात क्लब आपल्या मैदानावर परत आला, त्या दिवसाविषयी बोलताना आजींचा आवाज अजूनही कातर होतो. मी तेव्हा इथे नव्हते याची मला खरोखर खंत वाटते.

याच शहरात त्याहून मोठे उदाहरण आहे. 2002 साली विम्बल्डनचा फुटबॉल क्लब तिथून कितीतरी दूर असलेल्या मिल्टन कीन्स या गावी हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या पाठीराख्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा नवा क्लब उभा केला. खेळाडू निवडण्यासाठी त्यांनी विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर चाचणी ठेवली आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. तो क्लब 2011 मध्ये वरच्या 92 संघांत पोहोचला आणि 2020 मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर नवे मैदान बांधून परतला. लोक सहसा त्याच्या चढत्या पायऱ्या मोजतात. मला त्यातला पहिला हंगामच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तेव्हा जिंकण्याची काहीही हमी नसताना हजारो माणसे नवव्या पायरीवरचे फुटबॉल पाहायला येत होती.

बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सगळे सामने बड्या मैदानांवर झाले नाहीत. काही अशाच हौशी क्लबांच्या मैदानांवर झाले. चॅम्पियन हिल या आमच्या मैदानावर दक्षिण कोरियाने मेक्सिकोला 5-3 असे हरवले. त्याच्या दोनच दिवस आधी, 31 जुलैला, पूर्व लंडनमधल्या इल्फर्ड इथे स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला. कर्णधार तालिमेरेन आओ होते, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, सारंगपाणी रामन यांनी गोल केला, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि आपण 2-1 असे हरलो. त्या दिवशी कठड्याला टेकून इल्फर्डचे नेहमीचे लोकही उभे असतील, आणि अनवाणी पायांनी मारलेला चेंडू त्यांनी हाताच्या अंतरावरून पाहिला असेल, या विचाराने मला चॅम्पियन हिलच्या कठड्याविषयीही वेगळाच जिव्हाळा वाटू लागला.

आता माझ्याविषयी सांगते. गेल्या जानेवारीत गुरुवारपासून संततधार लागली होती. मैदानात पाणी साचले की सामना रद्द होतो, आणि रद्द झालेला सामना पुढे मंगळवारी रात्री खेळवला तर निम्मे प्रेक्षकही येत नाहीत; वरच्या क्लबांना टीव्हीचा पैसा असतो, इथे दारावर जमा होणाऱ्या पैशांवर महिना चालतो. शुक्रवारी रात्री स्वयंसेवकांची विचारणा झाली आणि शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही अकरा जण बागकामाचे चार दात्यांचे काटे घेऊन उभे होतो. दाते मुळापर्यंत जमिनीत दाबायचे, काटा किंचित मागेपुढे हलवायचा, सरळ उपसायचा आणि एक पाऊल मागे सरकायचे. पुढे सरकले तर आपल्याच बुटांनी भोके बुजतात. चांगले भोक पडले की त्यातून हवेचे दोनचार बुडबुडे येतात आणि वरचे पाणी खाली ओढले जाते. मला उत्तरेकडच्या गोलसमोरची जागा दिली होती. साडेदहाला पंच आले. त्यांनी खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला, तर माझ्या जागी तो चिखलात रुतून बसला. त्यांनी आम्हाला अर्धा तास दिला. आम्ही तिथे वाळू पसरली, झाडूने दाबली, पुन्हा काटे मारले. दुसऱ्या खेपेला चेंडू जेमतेम वीतभर उसळला, आणि पंचांनी मान डोलावली.

तीन वाजता सामना सुरू झाला आणि दोनच मिनिटे उरली असताना आम्ही गोल खाल्ला, तोही उत्तरेकडच्या गोलमध्ये, मी ज्या जागेत काटा मारला होता तिथूनच. घरी येताना तळहाताला आलेले फोड ठणकत होते आणि मला इतके वाईट वाटत होते की त्याचे माझे मलाच नवल वाटले. त्या रात्री फोनवर मी ‘आम्ही हरलो’ असे म्हणाले, तेव्हा आईने दचकून ‘आम्ही म्हणजे कोण?’ असे विचारले होते, ते तिला आठवत असेल. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षे मी ‘डलिच हरले’ असे म्हणत होते. शब्द कधी बदलला ते मला कळले नव्हते. आईच्या प्रश्नामुळे कळले.

त्यानंतर फेब्रुवारीत तापामुळे माझे दोन सामने चुकले. तिसऱ्या सामन्याला गेले तेव्हा प्रवेशदारावरच्या स्वयंसेवक काकांनी तिकीट पाहायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ‘बरी झालीस ना?’ असे विचारले. मी आजारी आहे हे त्यांना आजींनी सांगितले होते. आई, या शहरात मला नावाने ओळखणारी माणसे आहेत का, असे तू मला दर वेळी विचारतेस. तर अशी आहेत.

येत्या शनिवारी सामना बाहेरच्या मैदानावर आहे आणि आजींना गुडघ्यामुळे आगगाडीचा प्रवास जमणार नाही, म्हणून प्रत्येक गोल झाला की त्यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ ते साडेदहा वाजेपर्यंत फोन करू नका. मी रविवारी सकाळी करीन. बाबांच्या मापाचा एक मफलर याच आठवड्यात टपालाने पाठवते आहे. तिकडे तो घालण्याइतकी थंडी पडणार नाही हे मला माहीत आहे, पण तो त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर असावा असे मला वाटते.

दोघांनीही प्रकृतीला जपावे. धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
थोरली