कार्डावरची सवलत आणि दुरुस्तीचे वेळापत्रक

महोदय,

छत गळते आहे, हाताशी पुरेशी रक्कम नाही आणि बँकेकडून क्रेडिट कार्डावर ‘बारा महिने शून्य टक्के’ व्याज असा निरोप आला आहे. अशा वेळी ती योजना घेण्यात काही गैर नाही; नीट बेतली तर ती वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडू शकते. पण चर्चा होते ती फक्त दराची, आणि माणसे अडकतात ती तारखांत. कार्डाची मुदत आणि दुरुस्तीचे वेळापत्रक जुळते का, हे आधी तपासले जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी शुल्काचे बोलू. शून्य टक्के म्हणजे फुकट नव्हे. बहुतेक योजनांत प्रक्रिया शुल्क असते, बऱ्याचदा ३ ते ५ टक्के. एक लाखावर ३ टक्के धरले तर फेडायचे १,०३,०००, म्हणजे बारा महिने ८,५८३ चा हप्ता. मात्र दर महिन्याला मुद्दल उतरत जाते, त्यामुळे पूर्ण लाख वर्षभर तुमच्याकडे राहतच नाही. हे धरून हिशेब केला तर ते ३ टक्के वर्षाला साडेपाच टक्के व्याजाइतके पडतात. तेच शुल्क भरून सहा महिन्यांत फेड केली तर दर दहा टक्क्यांवर जातो. त्यामुळे शुल्काची टक्केवारी आणि कर्जाचा वार्षिक दर यांची थेट तुलना करू नये.

आता तारखा. काही योजनांत मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजत नाहीत. कार्ड सुरू झाले किंवा योजना मंजूर झाली त्या दिवसापासून मोजतात. मिस्त्री दोन महिन्यांनी आला तर बारातले दोन महिने तसेच गेले. शेवटची रक्कम मुदत संपण्यापूर्वी खात्यात जमा व्हायला हवी, त्यामुळे शेवटचा महिनाही पूर्ण हाती नसतो. म्हणून बाराऐवजी नऊने भागावे. १,०३,००० ला नऊने भागले की हप्ता ११,४४४ चा येतो. घरखर्च भागवून तेवढे दरमहा निघत नसेल तर मोठी रक्कम या मार्गाने उचलूच नये.

बिलावरची ‘किमान देय’ रक्कम भरत राहणे सगळ्यात घातक. दरमहा शिल्लक रकमेच्या ५ टक्केच भरले तर वर्षाअखेर लाखातले ५४,००० शिल्लक राहतात आणि त्यावर नेहमीचा दर सुरू होतो. तो दरमहा ३ टक्के असेल तर पहिल्याच महिन्यात १,६२० व्याज. काही योजनांत याहून कडक अट असते: मुदतीत पूर्ण फेड झाली तर व्याज माफ, थोडेही उरले तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम. लाखातले ९५,००० वर्षभरात समान हप्त्यांनी फेडले आणि ५,००० राहिले, तर २४ टक्के दराने साडेतेरा हजारांच्या आसपास व्याज बसते. आपली योजना यातली कोणती, हे बँकेकडून लेखी घ्यावे. फोनवरच्या आश्वासनावर जाऊ नये. हप्ता एकदा चुकला तर सवलत रद्द होते का, हेही त्याच पत्रात विचारावे.

याच कार्डावर किराणा, इंधन अशी रोजची खरेदी करू नये. जुनी शिल्लक असताना नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवस अनेक कार्डांत मिळत नाहीत, आणि भरलेले पैसे कुठल्या रकमेत वळते होतात ते बँकेच्या नियमावर ठरते. दुरुस्तीचे कार्ड फक्त दुरुस्तीलाच ठेवावे.

खरी अडचण प्रत्यक्ष कामावर येते. मिस्त्री, प्लंबर, मजूर यांना बहुधा रोख लागते. कार्डातून रोख काढली की पैसे काढण्याचे शुल्क लागते, व्याज त्याच दिवसापासून चालू होते आणि सवलतीचा दर त्याला सहसा लागू नसतो. म्हणून कार्डावर साहित्य घ्यावे आणि मजुरी बचतीतून द्यावी. मजुरीइतकीही बचत नसेल तर कामच दोन टप्प्यांत करावे. दुकानदार कार्डासाठी दोनतीन टक्के जादा लावत असेल तर तेही शुल्कात धरावे. ‘नो कॉस्ट’ हप्ते देणाऱ्याला एकरकमी भाव आवर्जून विचारावा. हप्ते घेतले की त्या भावातली सूट जाते, तेच तुमचे व्याज.

साहित्य कार्डावर घ्यायचे म्हटले की सवलतीची खिडकी बंद होण्यापूर्वी सगळेच घेऊन ठेवण्याचा मोह होतो. इथे पैसे वाया जातात. पाइप, नळ, वायर, स्विच, बेसिन आधी घेतले तर बिघडत नाही. फरशी एकदमच घ्यावी, मोजणीपेक्षा दहा टक्के जास्त, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच पाहावे. नंतर आणलेल्या खोक्याचा रंग जुळेलच असे नाही. सिमेंट मात्र लागेल तसेच आणावे. ते हवेतली ओल ओढते, गुठळ्या धरते आणि दोनतीन महिने पडून राहिले की त्याची ताकद बरीच उतरते. वॉटरप्रूफिंगच्या रसायनांच्या डब्यावर मुदतीची तारीख असते. ती कार्डाच्या मुदतीइतक्याच काळजीने वाचावी.

कर्ज काढून चुकीची दुरुस्ती करण्यासारखा दुसरा तोटा नाही, म्हणून कार्ड पुढे करण्याआधी गळतीचे मूळ शोधावे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहावे. काटा फिरत असेल तर पुरवठ्याच्या पाइपात गळती आहे. काटा स्थिर असेल आणि ओल न्हाणीखालच्या छताला असेल तर न्हाणीची जाळी घट्ट बंद करून लादीवर इंचभर पाणी २४ तास ठेवावे. खालच्या छताची ओल वाढली तर दोष लादीत किंवा सांध्यांत आहे. ओल वाढली नाही आणि जाळी उघडून पाणी सोडताच वाढली, तर तो सांडपाण्याच्या पाइपात आहे. एवढे न करता वरून रंग मारणे म्हणजे जखम उघडी ठेवून कपडे बदलणे. गिलावा ठोकून पाहावा. पोकळ आवाज येतो तेवढा भाग काढावाच लागतो आणि तो दरपत्रकात नसतो. जुन्या कामात भिंत फोडल्यावर नवा खर्च निघतोच, त्यासाठी अंदाजाच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवावी. ही रक्कम कार्डाच्या मर्यादेतून धरू नये. मर्यादा काठोकाठ वापरली की पतमानांकनही (क्रेडिट स्कोअर) घसरते.

नवा गिलावा आठवडाभर पाणी मारून ओला ठेवायचा आणि नंतर महिनाभर तरी वाळू द्यायचा. त्याआधी रंग दिला तर फुगे धरतो. हे पाच आठवडे योजनेच्या मुदतीतूनच जातात. रंगकाम कर्जातून वगळले तरी चालते, ते पुढच्या वर्षी हातच्या पैशातून होईल. कार्ड वापरायचे ते पाणी, वीज आणि छत यांसाठी, कारण तिथे थांबले की नुकसान वाढत जाते.

माझी संपादकांना एक विनंती आहे. अशा योजनांची माहिती छापताना शून्य टक्क्यासोबत एकूण शुल्क, सवलत संपण्याची तारीख आणि त्यानंतरचा वार्षिक दर हे आकडेही ठळक छापावेत.

ठेकेदाराला पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी कार्डाने देऊ नये. सही करण्याआधी करारात लिहून घ्यावे: छतावर पाणी साठवून ४८ तासांची चाचणी होईल, आणि शेवटचे दहा टक्के त्यात ओल दिसली नाही तरच मिळतील. जे पैसे कार्डाने थेट दिले जातात, त्या व्यवहाराबद्दल काम न झाल्यास बँकेकडे तक्रार नोंदवता येते. कार्डाची रक्कम आधी स्वतःच्या खात्यात घेऊन मग ठेकेदाराला पाठवली तर ही सोय उरत नाही. बिल, करार आणि चाचणीचे तारखेसह फोटो शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जपून ठेवावेत.

आपला,
एक वाचक